हात टिकला तर मोटार बरी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आहे एका भांडणाचं. भांडण मोठं नाही, घरातलंच. मोठेबाबा आणि त्यांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, या दोघांचं. मी मध्ये पडलो आणि नेहमीप्रमाणे दोघांचंही ऐकून घ्यायची पाळी माझ्यावर आली.

गेल्या मे महिन्यात सौंदडला गेलो होतो. ज्यांना सौंदड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरहून रायपूरकडे जाणारा हायवे, पूर्वीचा सहा नंबर, आताचा त्रेपन्न, साकोली सोडून गोंदिया जिल्ह्यात शिरला की थोड्याच वेळात आमचं गाव लागतं. गोंदियाहून वडशाकडे जाणाऱ्या रेल्वेवर स्टेशनही आहे. बाकी धानाच्या बांध्या, पळसाची झाडं आणि मे महिन्यात अंग भाजून काढणारी लू. दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

अशाच एका दुपारी तीनच्या सुमारास पुतण्या भंडाऱ्याहून आला. नवीन घेतलेली इलेक्ट्रिक मोटरसायकल, मागे मित्र, मित्राच्या मांडीवर भलीमोठी बॅग. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, समोरून गरम वारा, आणि साहेबांनी मूठ पूर्ण पिळलेली. साकोली सोडल्यावर डिस्प्लेवर तापमानाचा दिवा लागला आणि गाडी आपोआप तीसवर आली. मागून ट्रक हॉर्न वाजवतायत आणि ही आपली बैलगाडीसारखी चाललेली. घरी आल्या आल्या त्यानं हेल्मेट खाटेवर फेकलं आणि गाडीला शिव्या घालायला सुरुवात केली.

मोठेबाबा पडवीत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. उठले, काठी टेकत गाडीपाशी गेले, खाली वाकून मोटारीच्या डब्याला हात लावला आणि लगेच काढला.

"हात लाव गा इथं. मोज दहा."

पुतण्यानं लावला. तीनवर हात काढला.

"तीनच झाले? मंग गाडी बरोबर हाय. थे तुले सांगून रायली का दम घेऊ दे म्हणून, आन् तू तिलेच शिव्या देऊन रायला."

"आबाजी, हे लिमिट कंपनीनं टाकलेलं असते. नागपूरले एक जण आहे, तो हे काढून देते. मंग गाडी थांबतच नाही. रेसमध्ये काय लिमिट असते का?"

मोठेबाबा काही बोलले नाहीत. परत पडवीत जाऊन बसले. पण त्यांचा चेहरा मला जरा वेगळा वाटला. ते का, हे मला रात्री कळलं. ते शेवटी सांगतो.

आधी पुतण्याच्या प्रश्नाबद्दल. रेसमध्ये लिमिट असते का? मी काही इंजिनियर नाही, पण हा प्रश्न मला जुनाच आवडीचा निघाला. २००९ साली मी पुण्यात होतो तेव्हा पेपरात एक बातमी वाचली होती. पुण्याच्या एका इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यानं स्वतः इलेक्ट्रिक रेसिंग मोटरसायकल बनवली आणि ती थेट आइल ऑफ मॅनला नेली. तेव्हापासून मी हा विषय जमेल तसा वाचत आलोय. आणि वाचता वाचता लक्षात आलं ते हे की या शर्यतींचा इतिहास वेगाचा म्हणून सांगतात, पण खरा तो उष्णतेचा आहे.

आता थोडं मोठेबाबांच्या दुकानाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हायवेच्या कडेला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. म्हणजे आहे, पण आता शटर अर्धंच उघडतं. आमच्या भागात उन्हाळी धानासाठी विहिरीवर नाहीतर नाल्यावर पाच हॉर्सपॉवरचे पंप. व्होल्टेज कमी आलं की मोटार तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते. आणि करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. शाळेत हे सूत्र आम्ही घोकलं, पण त्याचा वास मी मोठेबाबांच्या दुकानात घेतला. जळालेल्या वार्निशचा वास. एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही.

मोठेबाबा जळालेली मोटार उघडून, डॉक्टर एक्स-रे बघतो तशी बघायचे. सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या असल्या तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. काही कॉइल कोळसा आणि शेजारच्या जशाच्या तशा चकचकीत असल्या तर एक फेज गेली होती. मग जुनी तार कापून काढायची, वेढे मोजायचे, तितक्याच जाडीची नवी तार, खाचेत इन्सुलेशनचा कागद, वरून वार्निश, आणि भट्टीत सुकवण. तांबं सहसा मरत नाही, मरतं ते तांब्यावरचं पातळ कवच. त्या कवचाचा एक ढोबळ नियम जगभर वापरतात: तापमान मर्यादेच्या वर दर दहा अंश गेलं की आयुष्य निम्मं होतं. मोठेबाबांना हा नियम कोणी शिकवला नव्हता. त्यांचा नियम दहा आकड्यांचा. हात दहा मोजेपर्यंत टिकला तर मोटार बरी. आजच्या मोटारींचं इन्सुलेशन दीडशे अंशांच्या पुढेही तग धरतं, त्यामुळे हा नियम त्यांना तंतोतंत लागू नाही. पण मुद्दा तोच.

असो. तर इतिहास.

विजेची गाडी हे काही नवं प्रकरण नाही. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा रस्त्यावर सगळ्यात आधी ओलांडली ती विजेच्याच गाडीनं. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियमच्या कामिय जेनात्झीनं टॉर्पेडोसारख्या दिसणाऱ्या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटर गाठले. गाडीच्या नावाचा अर्थ होता 'कधीच समाधानी नसलेली'. पण तो एका किलोमीटरचा पराक्रम होता. एक किलोमीटर धावायला दम लागत नाही. पुढे पेट्रोल आलं आणि वीज शंभर वर्षं मागे पडली.

मोटरसायकलींच्या बाबतीत मोठा दिवस उजाडला तो १२ जून २००९ रोजी, आइल ऑफ मॅनवर. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं हे एक छोटंसं बेट. तिथे गावांमधून, घरांच्या भिंतींना खेटून, डोंगरावरून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवर शर्यत होते. एक फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे जवळपास ६१ किलोमीटर. साधारण भंडारा ते सौंदडच म्हणा ना! त्या दिवशी पहिल्यांदाच धूर न सोडणाऱ्या गाड्यांची शर्यत ठेवली होती. नाव टीटीएक्सजीपी. फेरी एकच, कारण बॅटऱ्या त्याहून जास्त टिकणार नव्हत्या.

जिंकली कोण? टीम अग्नी. नाव वाचून चमकलात ना? मीही चमकलो होतो. अग्नी मोटर्सच्या मोटारी गुजरातेत बनत होत्या. त्यांचा आराखडा सेड्रिक लिंच नावाच्या इंग्रज माणसाचा. हा गृहस्थ लहानपणीच शाळा सोडलेला, स्वतः शिकलेला, अनवाणी फिरणारा. त्यानं आपली सुरुवातीची मोटार पत्र्याचे डबे कापून केली होती. आमच्या मोठेबाबांना हा माणूस भेटला असता तर दोघं संध्याकाळपर्यंत उठले नसते. त्याची मोटार भाकरीसारखी चपटी. सुझुकीच्या पेट्रोल गाडीच्या सांगाड्यात अशा दोन मोटारी बसवल्या आणि रॉब बार्बर या स्वारानं सरासरी ताशी ८७.४३४ मैलांनी, म्हणजे सुमारे १४१ किलोमीटरच्या वेगानं फेरी पूर्ण केली. २६ मिनिटांच्या आत.

आणि त्याच दिवशी पुण्याची टॉर्कसुद्धा तिथे होती. कपिल शेळके आणि त्याच्या मित्रांची टीएक्स-०१. खुल्या गटात तिसरा क्रमांक. म्हणजे जगातल्या या पहिल्याच मोठ्या इलेक्ट्रिक शर्यतीत एक मोटार गुजरातची आणि एक अख्खी गाडी पुण्याची. आपल्याकडे तेव्हा इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की म्हाताऱ्या माणसांनी भाजी आणायला वापरायची, लायसन्स न लागणारी स्कूटर एवढंच डोळ्यांसमोर यायचं. त्या काळात ही पोरं तिथे जाऊन उभी राहिली. मला अजूनही या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

पण त्याच दिवशी पेट्रोलच्या मोठ्या शर्यतीत जॉन मॅकगिनेसनं ताशी १३१.५७८ मैलांची फेरी मारली होती. म्हणजे ७० किलोमीटरपेक्षा जास्त फरक! लोक हसले असणारच.

हा फरक कशामुळे? बॅटरी लहान, हे एक कारण. दुसरं कारण मोठेबाबांच्या दुकानातलं. या रस्त्याचा शेवटचा भाग बघा. रामसे गाव जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि तिथून रस्ता चढतो तो चारशे मीटरच्या वर. म्हणजे चाळीस किलोमीटर मोटार पिळून झाली, ती तापली, बॅटरी अर्ध्याहून जास्त संपली, तिचं व्होल्टेज उतरलं, आणि नेमका तेव्हा डोंगर! कमी व्होल्टेज, जास्त करंट. हे चित्र मला ओळखीचं वाटतं. आमच्या बांधीतला रात्रीचा पंप आणि हा डोंगर चढणारी रेसिंग बाइक, दोघांचं दुखणं एकच.

शिवाय त्या चपट्या मोटारींची एक अडचण होती. त्यांच्यात करंट वाहणारं तांबं फिरत्या भागात असतं. फिरणाऱ्या वस्तूला पाण्याची नळी कशी चिकटवणार? तिची उष्णता फक्त हवेतून बाहेर पडायची. थोडा वेळ जोर लावायचा तर या मोटारी उत्तम, सतत जोर लावायचा तर अवघड.

याचं उत्तर कसं शोधलं गेलं, ते अमेरिकेच्या मोटोझिश या छोट्या कंपनीच्या गोष्टीत फार छान दिसतं. मायकल झिश नावाच्या माणसाची ही कंपनी. २००९ च्या शर्यतीत त्यांच्या गाडीत हवेवर गार होणाऱ्या तीन मोटारी होत्या. दिसायला सगळ्यांत देखणी गाडी, पण ती फेरी पूर्ण करू शकली नाही. पुढच्या वर्षी झिशनं तीनच्या जागी एकच मोटार आणली, तेलानं गार होणारी. तांबं आता बाहेरच्या स्थिर भागात, त्याला लागून तेल फिरणार आणि उष्णता बाहेर घेऊन जाणार. २०१० ला मार्क मिलरनं तीच गाडी घेऊन ९६.८२ मैलांनी शर्यत जिंकली. २०११ ला मायकल रटर ९९.६०४ वर अडकला. १०० मैलांसाठी दहा हजार पौंडांचं बक्षीस लावलेलं, आणि हा ०.४ मैलांनी चुकला! २०१२ ला मात्र त्यानं १०४.०५६ गाठले, आणि त्याच्यामागून आणखी दोघांनी शंभरी ओलांडली.

पुढे जपानची मुगेन आली. २०१४ ला मॅकगिनेसनं, हो, तोच पेट्रोलवाला मॅकगिनेस, इलेक्ट्रिक गाडीवर ११७.३६६ गाठले. २०१९ ला रटरनं १२१.९ मैल, म्हणजे ताशी १९६ किलोमीटर. पेट्रोलचा विक्रम तोपर्यंत १३५.४५२ मैलांवर पोचला होता. दहा वर्षांत ७० किलोमीटरचा फरक २२ वर आला. ती शेवटचीच शर्यत ठरली. नंतर आधी दोन वर्षं स्थगित केली, आणि मग ती परत भरलीच नाही.

मधल्या काळात एक वेगळीच गंमत झाली. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे. चार हजार मीटरच्या वर चढणारी शर्यत. उंचीवर हवा विरळ होते, पेट्रोलच्या इंजिनाला धाप लागते. विजेच्या मोटारीला श्वासच घ्यायचा नसतो. २०१३ ला कार्लिन डन लाइटनिंग या इलेक्ट्रिक गाडीवर १० मिनिटं ०.६९४ सेकंदांत वर पोचला आणि पेट्रोलच्या सगळ्या मोटरसायकली त्याच्या मागे राहिल्या. म्हणजे गरम होण्याचं गणित सोडवता आलं तर ही गाडी काय करू शकते, ते तिथे दिसलं.

तुम्ही म्हणाल, पेट्रोलच्या इंजिनात तर विजेच्या मोटारीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता होते. मग हिचंच एवढं कौतुक का? हाच प्रश्न मलाही पडला होता. आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची गोम इथेच आहे.

पेट्रोल इंजिनात निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन जाते, पण त्यातली बरीचशी सायलेन्सरमधून बाहेर पडते. आणि इंजिनाला गरम राहायला काही हरकत नसते. त्याचं पाणी नव्वद-शंभर अंशांवर असतं. बाहेर चाळीस अंश असले तरी फरक पन्नास-साठ अंशांचा, त्यामुळे उष्णता पटकन निघून जाते. विजेच्या मोटारीत वाया जाणारा भाग फार कमी. समजा शंभरातला पाच. पण शंभर किलोवॅटमधले पाच म्हणजे पाच किलोवॅट. घरातल्या पाच इस्त्र्या एका छोट्या डब्यात सतत चालू ठेवल्यासारखं. आणि बॅटरी तर फारच नाजूक. तिला साधारण साठ अंशांच्या पुढे जाऊ देत नाहीत. आणखी बरंच वर गेलं की आतली रसायनंच स्वतः उष्णता करायला लागतात, आणि मग ते थांबवता येत नाही.

आता हिशेब बघा. वस्तू किती वेगानं गार होते ते तिच्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आइल ऑफ मॅनवर जून महिन्यात बाहेर १५ अंश धरा. बॅटरी ५५ वर गेली तर फरक ४० चा. सौंदडला मे महिन्यात बाहेर ४५. बॅटरी ५५ वर गेली तर फरक फक्त १० चा. म्हणजे तीच बॅटरी, तोच वारा, पण आपल्याकडे ती चौपट सावकाश गार होणार. पुतण्याला मी हे कागदावर काढून दाखवलं. म्हटलं, तू ज्या रस्त्यानं आलास तो या हिशेबानं जगप्रसिद्ध शर्यतीपेक्षा अवघड आहे, आणि वर मागे मित्र आणि त्याची बॅग! तो हसला. पण लिमिट काढायचं डोक्यातून गेलं नव्हतं.

"पण काका, रेसमध्ये लिमिट नसतेच ना?"

असतं. तेच तर सांगतोय. रेसिंग गाडीत जेवढे सेन्सर असतात तेवढे आपल्या गाडीत नसतील. मोटार तापली की कंट्रोलर करंट कमी करतो, तिथेही. २०१९ पासून मोटोजीपीच्या जोडीनं मोटोई नावाची इलेक्ट्रिक मोटरसायकलींची जागतिक शर्यत सुरू झाली. सुरुवातच अपशकुनानं झाली. त्या वर्षी १४ मार्चला स्पेनमधल्या हेरेथ इथे चाचणीच्या वेळी मध्यरात्री आग लागली आणि तिथल्या सगळ्या गाड्या जळून गेल्या. पहिली शर्यत लांबणीवर पडून जुलैमध्ये जर्मनीत झाली. गाड्या तेव्हा इटलीच्या एनर्जिका कंपनीच्या. २०२३ पासून डुकाटीनं गाड्या दिल्या. त्यांचं वजन २२५ किलो, ताकद ११० किलोवॅट, आणि मुजेलोच्या ट्रॅकवर ताशी २७५ किलोमीटर. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट त्यातलं थंड करण्याचं तंत्र. बॅटरीला वेगळं पाणी, मोटार आणि इन्व्हर्टरला वेगळं. कारण दोघांना मानवणारं तापमान वेगळं. त्यामुळे शर्यत संपली की गार व्हायची वाट न बघता गाडी थेट चार्जिंगला लावता यायची. पाऊण तासात ८० टक्के.

बघा, २००९ पासून वेग वाढला तो लिमिट काढून नाही. उष्णता कुठे होते ते मोजून आणि तिला बाहेर जायची वाट करून देऊन. लिमिट तिथेच राहिलं, गाडीला ते गाठायला उशीर लागायला लागला, एवढंच.

ही कहाणी फार सुखान्त नाही, हेही सांगायला हवं. एनर्जिका २०२४ ला दिवाळखोरीत गेली. मोटोई २०२५ च्या हंगामानंतर थांबवण्यात आली. प्रेक्षक जमले नाहीत. आवाज नाही, शर्यत सात-आठ फेऱ्यांची. लोकांना ती भावली नाही. पुण्याच्या टॉर्कनं २०१६ ला रस्त्यावरची गाडी दाखवली आणि ती बाजारात आणायला २६ जानेवारी २०२२ उजाडला. तिचं नाव क्रॅटॉस. ट्रॅकवर एक फेरी पूर्ण करायला एका वर्षाची तयारी लागली असेल, पण रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या हातात, आपल्या उन्हाळ्यात, आपल्या खड्ड्यांत टिकेल अशी गाडी द्यायला तेरा वर्षं. यातच सगळं आलं.

आणि त्याच २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर इलेक्ट्रिक स्कूटर पेटायला लागल्या. २६ मार्चला पुण्यात लोहगाव भागात रस्त्याच्या कडेला उभी असलेली स्कूटर पेटली, त्याचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. त्यानंतर सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. बॅटरीत तापमानाचे सेन्सर हवेत, धोका झाला तर आधी इशारा मिळायला हवा, वगैरे. पुतण्याच्या डिस्प्लेवर लागलेला तो दिवा या सगळ्या उठाठेवीतून आलेला आहे. आणि तो काढायचे नागपूरला म्हणे सहज पैसे घेतात.

आता त्या रात्रीबद्दल.

जेवणं झाल्यावर आम्ही तिघं अंगणात खाटा टाकून पडलो होतो. लाइट गेलेली. पुतण्याच्या तोंडात परत तेच, लिमिट काढतो म्हणून. तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी मी घरात कधीच मोकळेपणानं बोललो नव्हतो. १९८९ सालचा उन्हाळा, मी नववीत. उन्हाळी धान लावलेलं. वीज रात्रीच यायची, म्हणून मला पंपावर झोपायला पाठवलं होतं. काम एवढंच की मोटारीचा आवाज बदलला तर उठून बंद करायची. मी झोपलो. रात्रीतून कधीतरी एक फेज गेली. पहाटे वासानं जाग आली. मोटार जळून गेली होती. त्या दिवसांत दुकानात आधीच पाच-सहा मोटारी रांगेत. आमची मोटार भरून बसेपर्यंत बांधीला भेगा पडल्या आणि निम्मं पीक गेलं. त्या वर्षी बाबांनी माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न पुढे ढकललं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. पण पस्तीस वर्षं मी ते माझ्या नावावर लिहून ठेवलंय. मोटार जळाल्याचा वास आला की पोटात अजून गोळा येतो.

पुतण्या गप्प झाला. मला वाटलं मोठेबाबा झोपले असतील. पण अंधारातून त्यांचा आवाज आला.

"स्टार्टरमंधी रिले होता त्या मोटारीले."

मी म्हटलं, "हो ना? मग तो पडला कसा नाही?"

"थो सारखा पडे. रातच्यान् चार-चार डाव. तुया बाप बोल्ला, भाऊ, याचं काईतरी कर, पानी पुरत नाई. मंग मीच थो डायरेक्ट करून देल्ला होता. तार टाकून."

बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

"मोटार भरताना मले दिसलं. काई कॉइल कोळसा, बाकी चांगल्या. मले समजलं का फेज गेली होती, आन् रिले असता त वाचली असती. पन मी तुया बापाले नाई सांगतलं. मले वाटे पोरगं लहान हाय, इसरून जाईल."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग आला नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही लगेच. पस्तीस वर्षं उचललेलं ओझं कोणी म्हणालं की तुझं नव्हतंच, तर हात एकदम रिकामे पडतात आणि काय करायचं ते कळत नाही. बाबा आता नाहीत, त्यांना विचारता येत नाही की तुम्हाला माहीत होतं का. पण त्यांनीच तर रिले बंद करायला सांगितला होता. म्हणजे त्यांना माहीत असणारच. म्हणूनच बहुतेक मला कधी रागावले नाहीत. मी त्याचा अर्थ काहीतरी वेगळाच लावत राहिलो.

तिघांपैकी कोणाचीच तशी चूक नव्हती, असं आता वाटतं. पाणी पुरत नव्हतं हे खरं होतं. रिले सारखा पडायचा हेही खरं. थांबवणारी गोष्ट रोज थांबवत असते तेव्हा ती शत्रूच वाटते. ज्या रात्री तिची गरज असते ती रात्र एकदाच येते.

सकाळी उठलो तेव्हा पुतण्याची गाडी कडुनिंबाच्या सावलीत उभी होती. परत जाताना त्यानं दुपारी न निघता पहाटे पाचला निघायचं ठरवलं. नागपूरच्या त्या माणसाचा विषय त्यानं काढला नाही, आम्हीही काढला नाही. निघायच्या आधी मोठेबाबांनी त्याला दुकानातून एक जुना, काळा पडलेला स्टार्टर आणून दाखवला. झाकण उघडून आतला रिले कुठे असतो, पट्टी तापली की कशी वाकते, हे सांगत बसले. पोराला उशीर होत होता, तरी तो उकिडवा बसून ऐकत होता.

शर्यतींचा विषय निघाला म्हणून एवढं लिहिलं. घरच्यांपैकी जे हे वाचतील, त्यांना १९८९ चं हे आज पहिल्यांदाच कळेल. ताई, तुला विशेषकरून. मोठेबाबांना काही विचारू नका. लिहायला त्यांनीच सांगितलंय.